फोटोओळीतली नावे: गोरेगावातील एका नव्या छायाचित्रण शाळेविषयी

गोरेगाव पूर्वेला, आरे वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर, एका जुन्या औद्योगिक वसाहतीतील दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात ऑगस्ट महिन्यात छायाचित्रणाची एक शाळा सुरू झाली आणि तिच्या उद्घाटनानिमित्त आदिवासी स्त्रियांवरील छायाचित्रांचे प्रदर्शन भरवण्यात आले. माझ्या भाचीला तेथे प्रवेश घ्यायचा आहे आणि फीचा निम्मा भार माझ्यावर येणार आहे, म्हणून हे प्रदर्शन मी तीनदा पाहिले, एका नमुना वर्गाला बसले आणि कार्यालयातल्या मंडळींना प्रश्न विचारून थोडा त्रासही दिला. शाळेचे नाव मी येथे लिहीत नाही. माझ्या काही तक्रारी आहेत आणि जेमतेम महिनाभर वयाच्या संस्थेला त्या नावानिशी चिकटून राहाव्यात असे मला वाटत नाही. ज्यांना जायचे आहे त्यांना तो गाळा सापडेल, कारण त्या इमारतीत बाकी सगळीकडे प्लास्टिकचे साचे आणि बाइंडिंगची यंत्रे चालू असतात.

आधी माझ्याविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण पुढचे सारे मत त्यातूनच आले आहे. सव्वीस वर्षे मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होते आणि त्यांतील बराच काळ फोटोओळी लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. संयुक्त राष्ट्रांनी १९९४ मध्ये ९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन म्हणून जाहीर केला. त्यामुळे दरवर्षी त्या संध्याकाळी टेबलावर एखाद्या मिरवणुकीचे छायाचित्र येई आणि मी त्याखाली 'पारंपरिक वेशभूषेत सहभागी झालेल्या आदिवासी महिला' असे लिहून ते पानाला लावी. त्या महिला कोण, कोणत्या जमातीच्या, कोणत्या पाड्यावरच्या, हे छायाचित्रकार विचारून आणत नसे आणि मीही त्याला विचारत नसे. त्याच पानावर एखाद्या दुकानाच्या उद्घाटनाचे छायाचित्र असले, तर मात्र डावीकडून उजवीकडे सात जणांची नावे आडनावांसह तपासून घेतली जात. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्यांचे नाव ठळक अक्षरांत छापले गेले, हे खरे. पण तोवर त्यांनी वर्षानुवर्षे गावठी बियाणे जपले होते, आणि त्या काळात एखाद्या छायाचित्रात त्या दिसल्या असत्या तर मी त्यांच्याखाली काय लिहिले असते, हे मला ठाऊक आहे.

उद्घाटनाचा समारंभ मला आवडला नाही. पाहुणे सव्वा तास उशिरा आले, तोवर तारपा घेतलेले दोन वादक आणि नाचासाठी बोलावलेल्या बायका जिन्याच्या तोंडाशी उभ्याच होत्या. बसायला खुर्च्या होत्या, पण त्या निमंत्रितांसाठी राखलेल्या होत्या. प्रदर्शन ज्यांच्यावर आहे त्या स्त्रियांना तिसऱ्या रांगेत बसवून पहिल्या रांगेतल्यांनी त्यांच्या सन्मानाविषयी भाषणे केली. ही चूक शाळेच्या चालकांच्याही लक्षात आली असावी, कारण दुसऱ्या वेळी गेले तेव्हा त्यांच्यापैकी एकाने आपण होऊन तो विषय काढला. समारंभाविषयी एवढेच पुरे, कारण प्रदर्शन त्याहून पुष्कळ चांगले आहे.

आत शिरल्यावर एक अरुंद बोळ लागतो आणि तेथे शाळेने आपल्या विषयाचा इतिहास मांडला आहे. मुंबईत छायाचित्रण फार लवकर आले. येथील फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. हरिश्चंद्र चिंतामण हे त्या वर्गात शिकून व्यवसायात उतरलेले आपल्याकडचे आरंभीचे छायाचित्रकार. या माहितीखाली विल्यम जॉन्सन यांची काही छायाचित्रे मोठी करून लावली आहेत. मुंबईतील जातीजमाती आणि येथे येणारेजाणारे लोक दाखवणारी जॉन्सन यांची दोन खंडांतली मालिका १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची गंमत, किंवा खोड म्हणा, अशी की पुष्कळ चित्रांत माणसे एका जागी टिपलेली आहेत आणि त्यांच्यामागचा देखावा दुसऱ्याच छायाचित्रातून आणून जोडलेला आहे. शाळेने हे नुसते लिहून ठेवलेले नाही, तर एका चित्रात माणसांच्या कडेने पातळ लाल रेघ ओढून जोड कोठे आहे ते दाखवले आहे. भाचीने ती रेघ पाहिली आणि नंतरची दहा मिनिटे ती उरलेल्या चित्रांतले जोड स्वतःच शोधत राहिली. शाळेत शिकवणे याला म्हणतात, असे मला तेव्हा वाटले.

त्याच बोळात १८६८ ते १८७५ या काळात सरकारने प्रसिद्ध केलेल्या आठ खंडांचाही उल्लेख आहे, ज्यांत हिंदुस्थानातील लोकांची जातीजमातींनुसार वर्गवारी करून छायाचित्रे छापली होती. एखादा माणूस तेथे आपल्या नावाने क्वचितच येतो. तो जमातीचा नमुना म्हणून येतो. हा बोळ ओलांडून पहिल्या मोठ्या खोलीत पाऊल टाकताना प्रेक्षकाच्या मनात साहजिकच 'समोरचा माणूस येथे स्वतःच्या नावाने आला आहे की नमुना म्हणून?' हा प्रश्न घोळत असतो, आणि तो प्रश्न शाळेनेच आपल्या हाताने पेरलेला असल्यामुळे तिच्या पुढच्या चित्रांनाही तो लावून पाहणे अन्यायाचे ठरू नये.

पहिली खोली शाळेच्या शिक्षकांची आहे. पालघर आणि रायगड जिल्ह्यांत तसेच आरे वसाहतीत त्यांनी काढलेली कृष्णधवल व्यक्तिचित्रे येथे आहेत, बहुतेक सोळा बाय वीस इंचांची, मॅट कागदावर छापलेली आणि काचेविना लावलेली. छपाईबद्दल मनापासून कौतुक करायला हवे. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे चेहरे छापताना ते 'उजळ' करण्याची आपल्याकडच्या स्टुडिओंची जुनी सवय आहे. लग्नाच्या अल्बममध्ये अख्खे घराणे एका रंगाचे करून देणारे कारागीर मी पाहिले आहेत. येथे काळा रंग काळाच ठेवला आहे, आणि तरीही त्या काळ्यात गालाच्या हाडावरचा प्रकाश, कपाळावरचे गोंदण, कानाच्या पाळीची ओघळलेली भोके हे सारे स्वच्छ दिसते. वीटभट्टीवरच्या एका कातकरी बाईचे चित्र तर असे आहे की तिच्या मनगटावर बसलेली विटेची धूळ आणि खालची त्वचा यांतला फरक करड्या रंगाच्या दोन छटांत कळतो. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे भट्ट्यांवर निघतात ती पावसाच्या तोंडाशी गावी परततात. ते अर्धे वर्ष कसे जात असेल, याची काही कल्पना त्या मनगटावरून येते.

असे असूनही या खोलीत मला पुन्हा पुन्हा माझीच फोटोओळ ऐकू येत होती. व्यक्तिचित्रांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रिया काळ्या पडद्यापुढे बसवलेल्या आहेत. गळ्यात मण्यांच्या माळा, अंगावर घडीतून नुकतेच काढलेले लुगडे, नजर थेट कॅमेऱ्यात. पडदा लावला की पाडा जातो, घर जाते, हातातले काम जाते, आणि उरतो तो सुंदर चेहरा. जॉन्सन यांनी मागे खोटा देखावा जोडला होता, यांनी मागचा देखावाच काढून टाकला. दोहोंत अंतर आहे, पण बाहेरच्या बोळात तांबडी रेघ ओढणाऱ्या शाळेने या पडद्याविषयीही दोन शब्द लिहायला हवे होते. एका शिक्षकाला मी हे विचारले. त्यांचे म्हणणे असे, की घर दाखवले की लोक दारिद्र्य पाहतात आणि चेहरा पाहायचा राहून जातो. पडदा त्यासाठीच आहे. उत्तर प्रामाणिक होते आणि त्यात तथ्यही आहे. मला ते अर्धेच पटले.

प्रदर्शनाच्या नावाविषयीही एक आक्षेप नोंदवते. नावात 'आदिवासी स्त्री' एवढेच आहे, आणि चित्रे मात्र मुख्यतः वारली, कोकणा, मल्हार कोळी आणि कातकरी स्त्रियांची आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १ कोटी ५ लाखांच्या घरात, म्हणजे राज्याच्या ९.३५ टक्के होती, आणि त्यांत मेळघाटच्या कोरकूंपासून गडचिरोलीच्या माडियांपर्यंत आणि सातपुड्याच्या पावरांपासून यवतमाळच्या कोलामांपर्यंत किती भाषा आणि किती तऱ्हेची घरे येतात. मुंबईच्या शाळेने मुंबईच्या आसपासचे दाखवावे हे योग्यच, किंबहुना तेच तिचे बळ आहे. मग नावातही तसे म्हणावे.

यानंतरची खोली पाहण्यासाठी गोरेगावपर्यंतचा प्रवास करावा, असे मी नि:संकोचपणे सांगेन. आरे वसाहत म्हणजे १९४९ मध्ये वसवलेली दुग्धवसाहत, पण तिच्या हद्दीतले पाडे तिच्याहून जुने. असे लहानमोठे २७ पाडे सांगितले जातात. त्यांपैकी काही पाड्यांवरच्या अकरा स्त्रियांना शाळेने उद्घाटनाच्या आधी चार महिने दर रविवारी छायाचित्रण शिकवले आणि त्यांनी काढलेली चित्रे या खोलीत लावली. काही चित्रे मोबाइलवर काढलेली आहेत, काही शाळेच्या जुन्या कॅमेऱ्यांवर. आकार लहान, पोस्टकार्डाच्या दुप्पट, आणि सारी रंगीत. तंत्राच्या बाजूने पाहिले तर त्यांत पुष्कळ उणिवा आहेत: क्षितिज कलते, कोपऱ्यात अंगठा येतो, रात्रीच्या चित्रांत कण दिसतात. पण पहिल्या खोलीत स्त्रिया कॅमेऱ्याकडे पाहतात, तर येथे त्या कॅमेऱ्यातून पाहतात, आणि त्यांना जे दिसते ते आपल्याला अपेक्षित असलेले बहुधा नसते.

उदाहरणार्थ, या खोलीत पारंपरिक वेशभूषा जवळजवळ नाहीच. एक बाई महापालिकेच्या सफाईचा गणवेश घालून अंगणात चहा पीत आहे. एक नवरा चुलीपुढे बसून भाकरी भाजत आहे आणि त्याला आपण दिसू नये असे वाटत असल्यामुळे त्याने मान फिरवली आहे. हंड्यांची रांग आहे, पण ती वरून, झाडावर चढून टिपलेली, त्यामुळे हंड्यांची तोंडे तेवढी दिसतात आणि माणूस एकही नाही. शेंदूर लावलेला वाघोबा आहे आणि त्याच्याच शेजारच्या चित्रात मोरीमागच्या चिखलात उमटलेला बिबट्याचा पंजा आहे; वाघबारसेला ज्याची पूजा करायची तोच रात्री कोंबड्या न्यायला येतो, हे सांगायला तेथे एकही शब्द लिहिलेला नाही आणि त्याची गरजही नाही. एका चित्रात मेट्रोच्या कामाचा निळा पत्रा पसरलेला आहे आणि त्याच्या फटीतून एक मुलगी पलीकडे पाहते आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो-३ च्या कारशेडसाठी आरेमध्ये रातोरात झाडे तोडली गेली तेव्हा मी नोकरीत होते आणि त्या रात्रीची कितीतरी छायाचित्रे आम्ही छापली. पत्र्याच्या आतल्या बाजूने काढलेले एकही आमच्याकडे आले नव्हते.

माझ्या सर्वांत आवडीचे चित्र दाराजवळच्या भिंतीवर, सहज नजर चुकेल अशा जागी आहे. त्यात शाळेचाच एक शिक्षक चिखलात पालथा पडून, डोळ्याला कॅमेरा लावून कशाचे तरी चित्र घेतो आहे. त्याच्या शर्टाला पाठीमागे गवत चिकटले आहे आणि दोन कोंबड्या त्याच्या पायांजवळ दाणे टिपत आहेत. खालच्या ओळीत छायाचित्रकार बाईंनी म्हटले आहे, की हे गृहस्थ तासभर असे पडून होते, म्हणून त्यांना काही झाले आहे का ते पाहायला आपण गेलो आणि जाताना मोबाइल नेला. पहिल्या खोलीतल्या अनेक देखण्या चित्रांवर यापेक्षा नेमकी टीका मला लिहिता येणार नाही. शिक्षकाने हे चित्र लावू दिले, याचे श्रेयही त्याला द्यायला हवे.

रानभाज्यांच्या चित्रांकडे मी थोडी अधिक वेळ रेंगाळले, कारण ती मला परक्या जगातली वाटली नाहीत. पावसाच्या सुरुवातीला दादरच्या बाजारात शेवळे घेऊन बसणाऱ्या बायकांकडून आम्ही इतकी वर्षे भाजी घेतो. शेवळ्याबरोबर काकड घ्यायला विसरलात तर घसा खाजेल, हे बजावणाऱ्याही त्याच. पण त्या पहाटे किती वाजता निघतात, टोपल्या घेऊन लोकलच्या मालडब्यात कशा चढतात, हे मी कधी पाहिले नव्हते. येथे एकीने आपल्या बहिणीचा तो सारा दिवस नऊ चित्रांत टिपला आहे: अंधारात विजेरीच्या उजेडात खुडलेले कोंब, पानांत बांधलेल्या जुड्या, डब्यात टोपलीवरच डोके टेकून लागलेली झोप, आणि शेवटी घासाघीस करणाऱ्या एका गिऱ्हाइकाचा नुसता हात. मनगटावर घड्याळ, बोटात अंगठी, तळहात पुढे केलेला. त्या हातासारखा माझाही हात आहे.

या खोलीत एक जागा भिंतचित्रासाठी सोडली आहे आणि तेथे पाड्यावरच्या दोन सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिला आहे. वारली चित्रांविषयी सामान्य वाचकाला जे माहीत असते ते बहुधा सत्तरच्या दशकानंतरचे असते. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे कागदावर आणि कापडावर आणली, ती जगभर पोहोचली आणि त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. ते थोर चित्रकार होते यात शंका नाही. पण त्याआधी कितीतरी पिढ्या लग्नघराच्या भिंतीवर चौक लिहिणाऱ्या आणि त्याच्या मधोमध पालघट देवीला बसवणाऱ्या स्त्रियाच होत्या, लग्न लावणारी धवलेरीही स्त्रीच, आणि पुढच्या वर्षी पाऊस-धुराने भिंत पुसट झाली की त्यांच्या कामाबरोबर त्यांच्या हाताची ओळखही जाई. चित्र भिंतीवर होते तोवर बायकांचे आणि विक्रीला आले तेव्हा मुख्यतः पुरुषांचे, असे त्या चौकाशेजारच्या पाटीवर स्पष्ट लिहिले आहे. छायाचित्रणातही असे घडले आहे, याची आठवण त्याच पाटीवर दिली आहे: मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या आणि देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार ठरलेल्या होमाई व्यारावाला यांची सुरुवातीची छायाचित्रे पती माणेकशॉ यांच्या नावाने छापली जात. या दोन गोष्टी शेजारी ठेवण्याची कल्पना ज्याची कोणाची असेल त्याला दाद द्यावी.

नावांच्या बाबतीत शाळेने जी शिस्त पाळली आहे ती आमच्या वृत्तपत्रांनीही शिकण्यासारखी आहे. प्रत्येक चित्राखाली आधी चित्रातल्या स्त्रीचे नाव, मग तिचा पाडा, मग जमात, तीही तिने स्वतः सांगितली तशी, आणि सर्वांत शेवटी छायाचित्रकाराचे नाव आहे. दोघींनी नाव देण्यास नकार दिला, तर तेथे 'नाव देऊ इच्छीत नाहीत' असे लिहिले आहे. 'एक आदिवासी महिला' असे लिहिलेले नाही. वाचकांच्या लक्षात आले असेल, की मी स्वतः या लेखात त्यांच्यापैकी कोणाचेही नाव घेतलेले नाही. भिंतीवर नाव लावण्याची परवानगी त्यांनी शाळेला दिली आहे, मला दिलेली नाही, आणि कार्यालयातून मला हेच उत्तर फार नम्रपणे मिळाले.

भाषेच्या बाबतीत मात्र हीच शिस्त ढासळते. पाट्या इंग्रजीत आधी लिहून मग मराठीत आणल्या आहेत, हे पहिल्याच ओळीत कळते. मराठी मजकूर अक्षराने लहान आहे, वाक्ये अवघडलेली आहेत, आणि ज्यांच्यावर प्रदर्शन आहे त्यांना वाचता येईल अशी हीच एक भाषा तेथे आहे. यावर कळस म्हणजे चार पाट्यांवर 'वारली'चे 'वरळी' झाले आहे. इंग्रजीतली अक्षरे पाहून एखाद्या यंत्राने किंवा घाईतल्या माणसाने हा घोटाळा केला असावा, आणि परिणामी 'वरळी समाजातील विवाहविधी' अशी पाटी वाचून माझ्या शेजारचे एक वरळीकर गृहस्थ बराच वेळ विचारात पडले होते.

पैशांचा विषयही टाळता येणार नाही. दुसऱ्या खोलीतील चित्रांच्या छापील प्रती विक्रीस आहेत आणि किमतीतून छपाईचा खर्च वजा करून उरलेली सर्व रक्कम चित्र काढणाऱ्या स्त्रीला मिळते. पहिल्या खोलीतील चित्रेही विकली जातात, पण तेथे चित्रात बसलेल्या स्त्रीला स्वतःच्या चित्राची एक प्रत मिळते आणि पैसे छायाचित्रकाराला. कायद्याने यात काही गैर नाही आणि व्यवसायाची रीत अशीच आहे. तरी वीटभट्टीवरच्या त्या बाईचे मनगट ज्या किमतीला लावले आहे ती पाहिल्यावर मला थोडे अवघडल्यासारखे झाले, हे लिहून ठेवते.

आता शाळेविषयी. नमुना वर्ग दोन तासांचा होता आणि विषय होता चेहऱ्यासाठी प्रकाश मोजण्याचा. कॅमेऱ्यातला मापक समोर जे येईल ते सरासरी करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. काळसावळा चेहरा चौकटभर घेतला, तर मापकाला वाटते की उजेड कमी आहे, आणि तो चित्र उजळ करून चेहरा राखेच्या रंगाचा करून टाकतो. म्हणून अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मापकाने ठरवलेला उजेड हाताने कमीजास्त करण्याची सोय, उणे बाजूला न्यायचे. उलट तोच चेहरा लखलखीत आभाळापुढे असला, तर मापक आभाळ पाहून चित्र अंधारे करतो, तेव्हा ते अधिक बाजूला न्यायचे किंवा स्पॉट मापकाने फक्त गालावरचा प्रकाश मोजायचा. शिक्षिकेने हे फळ्यावर न सांगता वर्गातल्याच तिघांना खिडकीपाशी बसवून दाखवले आणि प्रत्येक चित्र पडद्यावर आणून चूक कोठे झाली ते आम्हालाच शोधायला लावले. पहिल्या खोलीतली छपाई इतकी चांगली का आहे, हे मला त्या वर्गात समजले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वर्गाचा पहिला अर्धा तास कॅमेऱ्याला हात न लावता, शेजारच्या माणसाकडे चित्र काढण्याची परवानगी कशी मागायची आणि नकार आला तर काय करायचे, यातच गेला. काही मुले कंटाळली. भाची कंटाळली नाही.

डार्करूम, म्हणजे फिल्मवरची चित्रे कागदावर उतरवण्याची अंधारी खोली, लहान आहे, चित्र मोठे करून कागदावर पाडणारा एन्लार्जर एकच आहे आणि तिघांपेक्षा अधिक विद्यार्थी तेथे मावणार नाहीत. पण आजच्या मुंबईत नवी शाळा डार्करूम बांधते हेच विशेष, आणि लाल दिव्याखाली डेव्हलपरच्या तबकात कोऱ्या कागदावर चेहरा हळूहळू वर येताना पाहून माझ्या भाचीने श्वास रोखला होता. शाळेचे कॅमेरे जुने असले तरी नीट राखलेले आहेत आणि भिंगांना बुरशी लागू नये म्हणून आर्द्रता कमी ठेवणारे कपाट आहे. प्रदर्शनाच्या खोलीत मात्र तीच काळजी घेतलेली दिसली नाही. ऑगस्टच्या दमट हवेत काचेविना लावलेले कागद कडांना वळू लागले आहेत आणि तिसऱ्या भेटीत दोन चित्रांना चक्क लाटा आल्या होत्या. इमारतीला लिफ्ट आहे, पण ती मालाची असल्यामुळे जिनाच चढावा लागतो. पायऱ्या उंच आहेत. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तीन महिन्यांच्या अभ्यासक्रमाची फी ४०,००० रुपये आहे आणि ती दोन हप्त्यांत भरता येते. शिकवणे पाहता ती मला वाजवी वाटली, तरी मध्यमवर्गीय घराला जड आहे. प्रत्येक तुकडीत दोन जागा पाड्यांवरच्या स्त्रियांसाठी विनाशुल्क राखल्या आहेत, ही अभिमानाने सांगावी अशी गोष्ट शाळा अभिमानाने सांगतेही. पण वर्ग संध्याकाळी सात ते साडेनऊ या वेळात भरतो. ती स्वयंपाकाची वेळ, रात्री आरेतला रस्ता काळोखा, आणि ज्या चिखलात बिबट्याचा पंजा टिपला तीच घरी जायची वाट. पहिल्या तुकडीत त्या दोन्ही जागा रिकाम्या राहिल्या. रविवारच्या सकाळी याच स्त्रिया चार महिने नेमाने येत होत्या, हे ज्या शाळेला माहीत आहे तिने मोफत जागा संध्याकाळी का ठेवल्या, असे मी विचारले तेव्हा पुढच्या तुकडीपासून रविवार सकाळचा वर्ग निघणार असल्याचे सांगण्यात आले. भाचीने त्याच वर्गासाठी अर्ज भरला आहे आणि पहिला हप्ता मी दिला आहे.

प्रदर्शन सोमवार सोडून रोज अकरा ते सात खुले असते आणि प्रवेशाला पैसे नाहीत. शक्य असेल तर शनिवारी सकाळी जावे, कारण त्या वेळी दुसऱ्या खोलीतल्या छायाचित्रकारांपैकी एखाददुसरी तेथे असते आणि विचारले तर आपल्या चित्राविषयी पाटीवर लिहिले आहे त्याहून बरेच काही सांगते. पहिल्या खोलीत फार वेळ घालवू नये, बोळात मात्र घालवावा. 'वरळी'ची चूक मी दुसऱ्या भेटीत कार्यालयात लेखी कळवली होती. तिसऱ्या भेटीपर्यंत चारपैकी तीन पाट्या बदललेल्या होत्या. जिन्यावरची चौथी अजून तशीच आहे.